गेमही खेळायचा, ड्रमही शिकायचे

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटरवर ड्रमचा गेम खेळतो. आता त्याला खरे ड्रमही शिकायचे आहेत. दोन्हींसाठी एकच इलेक्ट्रॉनिक सेट चालेल का?
– एक पालक, धडगाव

उत्तर : चालेल, पण सेट वाद्य म्हणूनच निवडा. गेमसोबत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पॅडवर हात घडत नाही. होळीतला पावरा समाजाचा ढोल तुमच्या मुलाने ऐकलाच असेल. घाव कुठे आणि किती जोराने पडतो, यावर त्याचा आवाज पालटतो. हलक्या-जोरकस घावातला हा फरक ओळखणारा सेट हवा. म्हणून निदान स्नेअरला तरी जाळीचा पॅड असावा, आणि बास ड्रमसाठी खरे पेडल आपटता येईल असा वेगळा पॅड. नुसत्या बटणासारख्या पेडलवर पाय तयार होत नाही. पैसे वाचवायचे तर झांजा कमी घ्या, या दोन पॅडवर काटकसर नको.

गेमसाठी सेटच्या मॉड्यूलला, म्हणजे पॅड जोडलेल्या डब्याला, यूएसबी-मिडी असले की पुरे. मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्ये जोडण्याची १९८३ पासूनची सर्वमान्य पद्धत आहे. ‘क्लोन हिरो’ हा मोफत गेम ती थेट स्वीकारतो. बहुतेक सेटवर बासचा मिडी क्रमांक ३६, स्नेअरचा ३८ असतो. गेमच्या सेटिंगमध्ये एकेक पॅड वाजवून जुळवून घ्या. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर मात्र सेट सरळ जोडला जात नाही.

हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल बिघडतो. नाशिक-पुण्याला जाणे झाले, तर मुलाला दुकानात बसवून वाजवू द्या आणि मगच पैसे भरा.