सांडपाण्याचा पुनरुपयोग : पांडेसऱ्याचा प्रयोग

आपल्या जुन्या घरांत न्हाणीचे पाणी परसात जाई व त्यावर अळू नि केळी पोसल्या जात. त्या अळूचे फदफदे पंगतीत वाढले असता कोणी नाक मुरडल्याचे आम्हांस स्मरत नाही. तेव्हा सांडपाणी पुन्हा वापरायचे म्हटले की आज आपण जे दचकतो, त्यात सवयीचा भाग अधिक आहे.

सुरतेस पाणी मिळते ते तापीचे. खानदेशातून पोटासाठी येथे आलेल्या आपल्या मंडळींस ही नदी परकी नव्हे. उकाईचे धरण भरले की आम्ही सुरतकर निश्चिंत असतो. परंतु शहर वाढले आणि पाण्याला वाटेकरीही वाढले. त्यांतला मोठा वाटेकरी म्हणजे साड्या रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्या. त्यांना पाणी फार लागते, आणि ते मृदू लागते. पाणी जड असले, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले, की रंग सारखा बसत नाही, डाग पडतात.

यावर महानगरपालिकेने 2014 साली बमरोली येथे रोज 4 कोटी लिटर क्षमतेचे केंद्र उभारले. तेथील पाणी पांडेसऱ्याच्या गिरण्या पैसे मोजून घेतात. पुढे डिंडोलीसही असेच केंद्र झाले.

कृती समजण्यास अवघड नाही. घरोघरचे मैलापाणी आधी नेहमीच्या केंद्रात येते. तेथे गाळ बसवितात, मग हवा खेळवून जिवाणू वाढवितात. ते पाण्यातील घाण खाऊन टाकतात. एरवी काम येथेच संपते व पाणी खाडीत जाते. येथे मात्र ते वाळूतून, नंतर अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळतात. शेवटी मोठ्या दाबाने अशा पडद्यातून ढकलतात की क्षारसुद्धा मागे राहतात. स्वयंपाकघरातील आर. ओ. यंत्र हेच करते.

हे पाणी पिण्यासाठी नव्हे. आफ्रिकेतील विंडहुक शहर 1968 पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत आले आहे, पण तेथे पावसाचीच वानवा. आपल्याकडे गिरणीने नदीचे पाणी सोडले, तर तेवढे घरांच्या नळांस उरते, एवढा हिशेब आम्हांस पुरेसा वाटतो.

फुकट मात्र काहीच होत नाही. दाबाला वीज लागते, आणि पडद्यामागे उरलेल्या खाऱ्या पाण्याची विल्हेवाट लावावीच लागते. शिवाय रंगाईनंतर गिरणीतून निघणारे रंगीत पाणी हे निराळेच प्रकरण. ते न्हाणीच्या पाण्याइतके गरीब नाही. त्याला स्वतंत्र शुद्धीकरण लागते.