रुग्णाच्या नोंदींची गोपनीयता : नाव खोडणे पुरेसे आहे काय?

दरवर्षी या अहवालातून आम्ही देणगीदार व हितचिंतकांना पैशाचा हिशेब सादर करतो. आमच्याकडे असलेली आणखी एक ठेव मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ती म्हणजे रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती. वाणिज्य शाखेत आम्ही एवढे नक्की शिकलो, की ठेव ही ठेवणाऱ्याची असते, सांभाळणाऱ्याची नव्हे.

पूर्वी ही ठेव अभिलेख कक्षातील कपाटात असे. आता बिलांची प्रणाली एका कंपनीच्या क्लाउडवर, प्रयोगशाळेचे अहवाल दुसरीच्या क्लाउडवर आणि दोहोंचे विश्लेषण तिसरीकडे, अशी वाटणी झाली आहे. विश्लेषण टाळणे इष्ट नाही. डायलिसिसची यंत्रे कोणत्या पाळीत रिकामी राहतात, निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के राखीव खाटांचा लाभ खरोखर कोणास मिळतो, हे आकड्यांवाचून कळत नाही.

असाच एक तक्ता बाहेर पाठविण्यासाठी आम्ही सिद्ध केला होता. नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक काढून टाकले होते. पाठविण्यापूर्वी नोंदणी विभागातील एका जुन्या सेवकांनी तो सहज पाहिला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवून रुग्णाचे नाव सांगितले. गाव, वय आणि डायलिसिसचे वार एवढ्यावरून त्यांना ओळख पटली. त्या गावातून त्या वयाची एकच व्यक्ती येत होती! त्याच ओळीत कावीळ ‘ब’च्या तपासणीचा निष्कर्षही होता. तक्ता त्याच क्षणी थांबविला.

पुढे वाचन केले तेव्हा हा प्रश्न जगाला जुना असल्याचे समजले. १९९०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विमा आयोगाने शासकीय सेवकांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधनासाठी दिल्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली व दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेच्या शहरात ६ व्यक्ती होत्या, त्यांत ३ पुरुष आणि वेल्ड यांच्या पिनकोडात त्यांपैकी एकच. राज्यपालांच्या उपचारांची नोंद अशा रीतीने उघड झाली. जन्मतारीख, लिंग व पिनकोड या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात, असा अंदाज त्यांनी २००० साली मांडला. आपल्याकडील मतदारयादीतही नाव, वय व लिंग असतेच.

क्लाउडवरील माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते, असे विक्रेते सांगतात. ते खोटे नाही. परंतु ते कुलूप चोरासाठी आहे. विश्लेषकासाठी ते उघडावेच लागते आणि उघडल्यावर त्याला काय दिसावे, हे आपणच आधी ठरवावे लागते. म्हणून बिले व तपासण्या यांची जोडणी आम्ही आता आमच्याच सर्व्हरवर करतो. जन्मतारखेऐवजी ५ वर्षांचा वयोगट, गावाऐवजी तालुका व दिनांकाऐवजी महिना जातो. एखाद्या गटात १०हून कमी रुग्ण असतील तर तो गट शेजारच्या गटात मिळविला जातो. आकडे थोडे ढोबळ होतात. यंत्रांच्या पाळ्या ठरविण्यास तेवढे पुरतात.

रुग्णाची ओळख म्हणून एक सांकेतिक क्रमांक दिला जातो. तो मोबाइल क्रमांकावरून साध्या गणिती सूत्राने काढावा, अशी सूचना आली होती. ती आम्ही नाकारली. मोबाइल क्रमांक दहाच अंकी. सर्व संभाव्य क्रमांक त्याच सूत्रातून काढून उलट शोध घेणे आजच्या संगणकाला कठीण नाही. आम्ही क्रमांक यादृच्छिक देतो, प्रत्येक कंपनीला वेगळा, म्हणजे दोन कंपन्यांना आपापले तक्ते परस्पर जुळविता येऊ नयेत. मूळ जोडयादी रुग्णालयाबाहेर जात नाही. काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी उत्तरदायित्व संस्थेचेच, असे २०२३च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अधिनियमातही म्हटले आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एक गोष्ट मात्र अद्याप सुटलेली नाही. डॉक्टरांच्या हस्तलिखित शेऱ्यांत ‘मुलगा अमुक कारखान्यात’, ‘सोबत सून आली’ असे तपशील असतात. ते चाळणीत अडकत नाहीत. तूर्त शेऱ्यांचा रकाना कोणालाही दिला जात नाही, आणि त्यामुळे काही उपयुक्त अभ्यास आम्हाला लांबणीवर टाकावे लागले आहेत.