मालक म्हणाले, "दोन दिवसांचं काम आहे!"

मित्रहो, होस्टेलला नंबर लागला नाही की आपली पावलं आपोआप गेटबाहेरच्या कॉलनीकडे वळतात. सेकंड इयरला आम्ही चौघांनीही तेच केलं. दोन खोल्या, किचन, संडास-बाथरूम, भाडं आठ हजार, डिपॉझिट वीस हजार. मजेत चाललं होतं. ऐन सबमिशनच्या आठवड्यात खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली आणि मालक काका मिस्त्रीला घेऊन दारात हजर! "फरशी काढून वॉटरप्रूफिंग करायचंय. दोन दिवसांचं काम आहे, जरा अॅडजस्ट करा."

त्या दोन दिवसांचे एकोणीस दिवस झाले. संडास फोडलेला, पाण्याची लाइन बंद, पॅसेजमध्ये रेतीचा ढीग. पहाटे पाचला टॉवेल-बादली घेऊन आम्ही होस्टेलच्या बाथरूममध्ये घुसायचो (रेक्टर सर, आता कबूल करायला हरकत नाही). महिना संपला तर काकांनी पूर्ण भाडं मागितलं. कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "जमत नसेल तर खोली सोडा. डिपॉझिटचं काम झाल्यावर बघू."

आमच्यातला एक पेटलाच. म्हणाला, भाडंच द्यायचं नाही! पण आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, तुमच्या करारावर काय लिहिलंय?" चौघांपैकी एकानेही तो वाचलेला नव्हता. सही मात्र चौघांची होती! तिथून जो अभ्यास सुरू झाला तो इथे मांडतोय.

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण ज्याला सरसकट 'भाड्याने राहणं' म्हणतो त्याचे कायद्यात दोन प्रकार पडतात. एक खरा भाडेकरू. जागेत त्याचा हक्क निर्माण होतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्याच्या पाठीशी उभा असतो (हा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू आहे). दुसरा लीव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे अकरा महिन्यांचा करार करणारे आपण. आपल्याला जागा वापरायची फक्त परवानगी मिळते. तिची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. बोलताना मालक आपल्याला भाडेकरूच म्हणतात, पण कागद वेगळं बोलतो.

आता भाडेकरूचं बघू. आपल्या स्टाफपैकी काहीजण गावात जुन्या वाड्यांत भाड्याने राहतात, त्यांनी हे जरूर वाचावं. कलम १४ म्हणतं की, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम. त्याने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळात काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. म्हणजे महिना आठ हजार भाडं असेल तर वर्षाचे ९६,००० आणि कपात जास्तीत जास्त २४,०००. हिशेब आणि बिलं जपून ठेवा, सगळा जोर त्यांच्यावर आहे. मिस्त्रीला रोख दिले आणि पावती घेतली नाही तर ते पैसे नळातून वाहून गेले असं समजा.

कलम २९ आमच्या प्रसंगाच्या अगदी जवळ जाणारं आहे. योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय मालकाला अत्यावश्यक सोयी तोडता किंवा अडवता येत नाहीत. त्यात पाणी, वीज, जिन्यातले-पॅसेजमधले दिवे, लिफ्ट, साफसफाई आणि संडासाची सोय हे सगळं आलं. मालकाने स्वतः तोडलं नाही, पण त्याच्या चुकीमुळे नगरपालिकेने तोडलं, तरी ते मालकाच्याच खात्यावर. भाडेकरू कोर्टात अर्ज करून सोय परत चालू करायचा आदेश मिळवू शकतो, चौकशी चालू असताना अंतरिम आदेशही मिळतो. हा गुन्हाही आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुंबईत हे अर्ज लघुवाद न्यायालयात जातात, जिथे असं न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

मग दुरुस्ती हे 'योग्य कारण' नाही का? आहे ना! गळती थांबवायची तर पाणी बंद करावंच लागतं, आणि खालच्या बिऱ्हाडाचं छत गळत असताना "आमची परीक्षा आहे, नंतर या" म्हणणं हा आपला शहाणपणा नव्हे. पण माझ्या मते कारण पुरेसं असतं ते कामाला खरोखर लागतात तेवढेच दिवस. आणि इथे आपण इंजिनिअर आहोत, हे विसरू नका! जुनी फरशी आणि कोबा फोडायला एक-दोन दिवस. मग नहाणी ट्रॅप आणि पाइप बदलणं. मग ब्रिकबॅट कोबा, वॉटरप्रूफिंगचा थर, पाणी भरून ठेवून गळती तपासणं, फरशी, जॉइंट भरणं. आयएस ४५६ साध्या सिमेंटच्या काँक्रीटलासुद्धा निदान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं. म्हणजे 'दोन दिवस' ही थाप मालकाने मारली तेव्हाच आपल्याला कळायला हवी होती. नीट काम आठ-दहा दिवसांचं. उरलेले नऊ दिवस? मिस्त्री दुसऱ्या साइटवर होता! त्या नऊ दिवसांना दुरुस्ती म्हणत नाहीत.

काम इतकं मोठं असेल की घर रिकामं केल्याशिवाय होणारच नाही, तर मालक कलम १६ खाली कोर्टात जाऊ शकतो. "दुरुस्ती आहे, उद्या निघा" असं तोंडी सांगून मात्र भाडेकरूला काढता येत नाही. आणि कोर्टाने रिकामं करायला सांगितलं तरी कलम १८ प्रमाणे "काम झाल्यावर परत यायचंय का?" हे भाडेकरूला विचारलं जातं. त्याचं 'हो' हुकूमनाम्यात लिहिलं जातं आणि काम झाल्यावर तो जुन्याच अटींवर परत येतो. वाड्यांत राहणाऱ्यांनी हे 'हो' म्हणायला विसरू नये, एवढीच विनंती.

विजेबद्दल आणखी एक गोष्ट. वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालक 'ना हरकत' देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे.

हे सगळं वाचून आम्ही खूष झालो. तेवढ्यात सरांनी आठवण करून दिली की आपण लायसन्सवाले! कलम १४ आणि २९ भाडेकरूसाठी आहेत, ते आपल्याला सरळ लावता येत नाहीत. मग आपल्याकडे उरतं काय? पहिलं म्हणजे करार. दुसरं, तोच १८८२ चा कायदा. जागेत धोका आहे हे मालकाला माहीत असेल तर त्याने सांगितलं पाहिजे (कलम ५७) आणि जागा असुरक्षित होईल असं काही करता कामा नये (कलम ५८). बाथरूमच्या दाराशी उघड्या पडलेल्या गिझरच्या वायरी आठवल्या की मला हे कलम आठवतं. परवानगी काढून घेतली तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो (कलम ६३). पैसे घेऊन दिलेली परवानगी आपली चूक नसताना मुदतीआधी संपवून बाहेर काढलं तर भरपाई मागता येते (कलम ६४). हे आम्हाला पाठ झालंय!

आणि करार नोंदवलेलाच नसेल तर? नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि हे लायसन्सलाही लागू होतं. नोंदणी नसेल तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. इंटरनेटवर २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा सापडेल, त्यात दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा वगैरे आहे. तो केंद्राचा नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, तेव्हा मालकापुढे तो फडकवू नका, हसं होईल.

भाडं थांबवायचा बेत आम्ही सोडला. थांबवलं की भांडण संडासाचं राहत नाही, थकबाकीचं होतं, आणि मग चूक आपली. भाडं बँकेतून भरलं, फोडलेल्या बाथरूमचे तारखेसकट फोटो काढले आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं:

"महोदय, आपल्या घरातील संडास, बाथरूम व पाणी एकोणीस दिवसांपासून दुरुस्तीमुळे बंद आहे. आपण दोन दिवसांचे काम सांगितले होते. कृपया सात दिवसांत सोय पूर्ववत करावी. वापर न झालेल्या दिवसांचे भाडे, महिना ८,००० प्रमाणे १९ दिवसांचे रु. ५,०६७, पुढील भाड्यात वळते करावे. या महिन्याचे भाडे आमचा आक्षेप कायम ठेवून भरले आहे."

काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला! सहाव्या दिवशी नळाला पाणी आलं. पैशांवर घासाघीस झाली आणि शेवटी तीन हजार वळते झाले. पूर्ण नाही मिळाले, पण कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही. चढावी लागलीच तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मिळतो. विद्यार्थिनींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न न बघता, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

होस्टेलवाल्यांनी मात्र यातलं काही रेक्टर सरांवर चालवू नये. कॉलेजचं होस्टेल म्हणजे भाड्याची जागा नव्हे, तिथे अर्ज लिहायचा तो हाउस कमिटीमार्फत.

येत्या जूनमध्ये जे नवीन करार करतील त्यांनी सही करण्यापूर्वी एवढी एक ओळ घालून घ्यावी. आम्ही यंदा घातली आणि काकांनी काही न बोलता सही केली: "दुरुस्तीमुळे पाणी, वीज किंवा संडास-बाथरूम सलग ४८ तासांपेक्षा जास्त बंद राहिल्यास मालक पर्यायी सोय करतील, अन्यथा तेवढ्या दिवसांचे भाडे आकारले जाणार नाही, आणि पंधरा दिवसांत सोय चालू न झाल्यास राहणाऱ्यास संपूर्ण अनामत परत घेऊन जागा सोडता येईल."