‘आता या वयात’ हे शब्द सोडा

पाटीवर पहिले अक्षर काढताना हात थरथरतो. लगेच तोंडातून शब्द येतात, “आता या वयात कुठलं जमतंय, मास्तर?” प्रौढांच्या वर्गात हे बोलणे आपण नेहमी ऐकतो. खरे तर हाताची अडचण थोडीच असते. नांगराची मूठ धरणारा हात, तांदळातला खडा टिपणारा हात पेन्सिलीला भिणार नाही. भितं ते मन. अक्षर आपल्यासाठी नाहीच, असे त्याने फार पूर्वी ठरवून टाकलेले असते.

मनाने ठरवलेले बदलता येते का? पार्वतीबाई आठवले यांची हकीकत पाहू.

पार्वतीबाईंचा जन्म 1870 साली कोकणात झाला. लहानपणीच लग्न झाले आणि विशीत नवरा वारला. पदरी एक मुलगा. त्या काळी विधवेचे केस काढीत, तिला घराच्या कोपऱ्यात बसवीत. पंचविशीपर्यंत पार्वतीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या बहिणीचे लग्न 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाले होते. कर्व्यांनी 1896 साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. पार्वतीबाई पुण्यास आल्या, शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. गावोगाव हिंडून त्यांनी आश्रमासाठी वर्गणी जमवली. 1918 साली त्या अमेरिकेला गेल्या. तेव्हा वय होते 48 आणि इंग्रजी बेताचेच. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले, पण माघार घेतली नाही. 1920 साली त्या परत आल्या. पुढे त्यांनी आपली कहाणी पुस्तकात लिहिली.

हे एका दिवसात झाले नाही. आधी अक्षर, मग पुस्तक, मग चार लोकांत बोलणे, मग परदेश. एक पायरी चढलो की पुढची दिसते. नुसते “मी धीट आहे” असे घोकून धीटपणा येत नाही. छोटे काम हाती घ्यावे. ते जमले की मनाची खात्री पटते. चुकले तर पुसून पुन्हा काढावे. पहिल्या दिवशी कुणाची भाकरी गोल झाली आहे?

हे का करायचे? कागदात काय लिहिले आहे ते न कळता अंगठा उठवला, तर घर-जमीन हातची जाऊ शकते. वाचता आले तर आपण विचारू शकतो, “ही ओळ कशाबद्दल आहे?” असे विचारणाऱ्याला फसवणे सोपे नाही. मान वर होते ती इथे.

म्हणून या आठवड्यात आपण तीन कामे करू. स्वतःचे नाव रोज पाच वेळा लिहू. एस.टी.ची पाटी दुसऱ्याला न विचारता वाचू. घरातल्या एका माणसाला आजचा धडा वाचून दाखवू.

प्रश्न
1. पार्वतीबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांचे वय किती होते?
2. न वाचता अंगठा उठवला तर काय होऊ शकते?
3. ‘मला येणार नाही’ असे तुम्ही कोणत्या कामाबद्दल म्हणता? त्यातली पहिली पायरी कोणती?