छातीवरील दंशव्रण : निदान, संकेतांक आणि नोंद

यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास दंशाचे रुग्ण नवीन नाहीत. शेताच्या बांधावर कुत्रा चावलेला मजूर, रानडुकराने धडक दिलेला शेतकरी, पावसाळ्यात जमिनीवर झोपला असता मण्यार चावलेला मुलगा असे रुग्ण प्रथम आपल्याच दारी येतात. केसपेपरवर मात्र बहुधा एकच शब्द लिहिला जातो : 'दंश'. मराठीत हा शब्द कुत्र्यास, सापास व विंचवासही चालतो. तो रुग्णाची तक्रार सांगतो, निदान सांगत नाही. छातीवरील दंशात ही संदिग्धता विशेष घातक ठरते. कारण त्वचेवरील लहानशा छिद्राखाली फुप्फुस असते.

विद्ध की भिन्न?

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसऱ्या अध्यायात सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार वर्णिले आहेत. आशयाव्यतिरिक्त अंगास सूक्ष्म टोकाने झालेला वेध तो विद्ध. आशयाचा भेद झाला तर तो भिन्न. छातीवरील दंशात वैद्याने स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न हाच आहे. दात बरगड्यांमधून आत गेला आहे काय? श्वास लागणे, त्या बाजूचा श्वासध्वनी मंद होणे, त्वचेखाली हवेची करकर जाणवणे, जखमेतून हवा आत-बाहेर होणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास व्रण भिन्न समजावा. जखम निर्जंतुक पट्टीने झाकून रुग्ण तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावा. लक्षण नसले तरी खोल छिद्र असल्यास छातीचे क्ष-किरण चित्र आवश्यक आहे.

संकेतांक कसा ठरतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्याचा चावा उघड्या जखमेत मोडतो. स्तनावरील जखमेस एस-२१.०, छातीच्या पुढील भिंतीस एस-२१.१, मागील भिंतीस एस-२१.२ व अनेक जखमांस एस-२१.७ हे संकेतांक आहेत. फुप्फुसाभोवती हवा साचली असल्यास एस-२७.० जोडावा. जखमेसोबत कारणाचाही संकेतांक हवा : कुत्र्यास डब्ल्यू-५४, अन्य सस्तन प्राण्यास डब्ल्यू-५५. रेबीजच्या संपर्कासाठी झेड-२०.३ लिहावा.

येथे एक सावधगिरी हवी. काही संगणक प्रणालींत अमेरिकी आवृत्तीचे संकेतांक असतात. त्या आवृत्तीत डब्ल्यू-५४.० म्हणजे कुत्र्याचा चावा. मूळ आवृत्तीत शेवटचा अंक घटनास्थळ दाखवितो, म्हणून तोच संकेतांक 'घरी' असा वाचला जातो, व शेतातील घटनेस डब्ल्यू-५४.७ लागतो. अमेरिकी आवृत्तीत उजव्या पुढील भिंतीवरील, पोकळीत न शिरलेल्या चाव्यास एस-२१.१५१ असा वेगळा संकेतांक आहे. विम्याच्या कागदावर दोन्ही आवृत्त्यांची सरमिसळ करू नये.

सर्पदंश येथे बसत नाही. त्यास टी-६३.० व एक्स-२० लागतात. मण्यारीच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या रुग्णास पोटदुखी, पापण्या जड होणे किंवा गिळण्यास त्रास असल्यास खूण शोधत बसू नये; प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

आयुष निदानांसाठी अकराव्या आवृत्तीतील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी प्रकाशित झाला. त्यातील संकेतांक वरील संकेतांकांच्या जोडीने लिहावा, त्यांच्याऐवजी नव्हे.

नोंदीपूर्वी धुणे

सुश्रुतांनी कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात अलर्कविषाचे वर्णन करून जलत्रास उत्पन्न झालेला रुग्ण असाध्य मानला आहे. आजही लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून लस व जखमेतील इम्युनोग्लोब्युलिन यांना पर्याय नाही. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. टाके शक्यतो टाळावेत. त्वचा फाटून रक्त आले असल्यास वर्ग ३, आणि वन्य प्राण्याचा चावा असल्यास सरळ वर्ग ३ समजावा. त्वचेत लस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी आणि स्नायूत ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी देतात.

औषध दुकानदार बंधूंनी लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी, गोठू देऊ नये, आणि बिलावर बॅच क्रमांक स्पष्ट लिहावा. वैद्याने तोच क्रमांक केसपेपरवर उतरवावा.

नोंदीचा नमुना

"दि. …, सकाळी १० वा. शेतात कापूस वेचताना अनोळखी कुत्रा चावला, चिथावणी नाही. रुग्ण ११.१५ वा. आला. छातीची उजवी पुढील भिंत, चौथ्या-पाचव्या बरगडीमधील जागा. दोन छिद्रे, प्रत्येकी सुमारे ०.५ सेंमी, परस्परांतील अंतर ३ सेंमी. रक्तस्राव अल्प. दोन्ही बाजूंचा श्वासध्वनी समान. विद्ध व्रण, पोकळीत प्रवेशाची लक्षणे नाहीत. वर्ग ३. १५ मिनिटे धुतले. इम्युनोग्लोब्युलिन व क्ष-किरण चित्रासाठी पाठविले." 'छातीला कुत्रा चावला' एवढ्या नोंदीतून यांतील काहीच कळत नाही.

नोंदीवर काय अवलंबून असते?

राळेगाव-पांढरकवडा परिसरात १३ मृत्यूंचा ठपका असलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. त्या काळाने वन्यप्राणी हल्ल्यांचा प्रश्न जिल्ह्यास शिकविला. अशा हल्ल्यात शासकीय साहाय्य मृत्यू, कायम अपंगत्व, गंभीर व किरकोळ दुखापत यांनुसार ठरते. पहिली नोंद आपली असल्यास प्राणी, वेळ व जखमेची खोली तिच्यात असावी, आणि रुग्णास वन विभागास विनाविलंब कळविण्यास सांगून शासकीय रुग्णालयात पाठवावे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कुत्र्याच्या चाव्याची भरपाई प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान १० हजार रुपये ठरविली. तो निर्णय आपल्या राज्याचा नव्हे. परंतु खुणा मोजून लिहिण्याचे मोल त्यातून समजते.

स्त्री किंवा बालकाच्या छातीवर अर्धवर्तुळाकार दातांच्या खुणा दिसल्या व 'कुत्रा चावला' असे सांगितले गेले, तर एकांतात, स्त्री सहायकासमक्ष, पुन्हा विचारावे. मानवी चाव्याची शंका असल्यास धुण्यापूर्वी लाळेचा नमुना घेतला जाणे महत्त्वाचे असते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणी मोफत प्रथमोपचार देणे व पोलिसांस कळविणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार खासगी रुग्णालयांसही बंधनकारक आहे.

सारांश, कोणी चावले, कोठे चावले व किती खोल, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिली म्हणजे संकेतांक आपोआप ठरतो. ती लिहिली नाहीत, तर पुढील वैद्यास उपचारांची व रुग्णास न्यायाची वाट सापडत नाही.