आजीचं घे, पण सगळं घेऊ नको

ऐक गं. महिनाअखेरीला भाजीला पैसे उरत नाहीत, असं तू काल फोनवर म्हणालीस, तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर तुझा तो स्वयंपाकाचा एवढासा ओटाच आहे. आधी एक कर. कुळथाचं पीठ डब्यात भरून ठेव.

पोलादपूरला आजी भात कापला की जमिनीतल्या ओलीवरच कुळीथ आणि वाल टाकायची. वेगळं पाणी नाही, काही नाही. कुळीथ भाजायचे, जात्यावर भरडायचे, सालं पाखडायची आणि मग दळायचे. तू दळण गिरणीतून आण, पण भाजायचं काम स्वतः कर. न भाजलेल्या पिठाला उग्र वास येतो. चौघांच्या पिठल्याला अर्धी वाटी पीठ आणि तीन वाट्या पाणी पुरतं. फोडणीत लसूण लाल होऊ दे, तीन-चार आमसुलं टाक, पीठ गार पाण्यात कालवून ओत आणि ढवळत राहा. उतरवताना पातळच ठेव, निवलं की आळतं. अख्खे कुळीथ शिजवशील तेव्हा वरचं पाणी ओतू नको, त्याचं कढण होतं आणि दाण्यांची उसळ. वालाचं भिजवणीचं पाणी मात्र टाकायचंच, कडवटपणा त्यातच उतरतो.

मे महिन्यात फणसाच्या आठळ्या जमव, सुकट नीट वाळवून बरणीत भर. आठळ्या आजी मातीत पुरून ठेवायची आणि भर श्रावणात आमटीत घालायची. पहिल्या पावसात टाकळा मिळेल, तोही घे. शेवळं मात्र माहीतगार बाईशिवाय शिजवू नको, घसा खाजतो.

22 जुलै 2021 ला महाडात पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा माझे सगळे तांदूळ गेले. माळ्यावरचा कुळथाच्या पिठाचा डबा आणि सुकटीची बरणी तेवढी वाचली. आजी बेगमी चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची, धुराने कीड लागत नाही म्हणून. माझ्या घरी चूल नाही, मी निव्वळ सवयीने वर ठेवली होती. पाणी ओसरल्यावर कुणीतरी तांदूळ दिले आणि पहिलं गरम जेवण झालं ते पिठलं-भाताचं. खाताना मी रडले, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आणि आता जे सांगायला बसले, ते. आजी सगळ्यांच्या मागून जेवायची. पातेल्यात उरेल ते, बऱ्याचदा नुसती पेज आणि मीठ. आपण त्याला तिची काटकसर म्हणत आलो. ती उपाशी राहायची गं. परवा मी आले होते, तेव्हा तूही वाढून झाल्यावर पातेलं खरवडत होतीस आणि मला म्हणालीस, भूक नाही.

या वेळचं पीठ मी पाठवते, दोन किलो. पिठलं केलंस की पहिली वाटी तुझी काढ, झाकून ठेव आणि मग इतरांना वाढ. रविवारी फोन करेन तेव्हा कुणाला काय आवडलं ते विचारणार नाही, तू किती जेवलीस ते विचारेन.