सुरी, वीज, लेसर आणि जखमेचे भरून येणे

शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाचे नातेवाईक आता हमखास विचारतात, “लेसरने होईल ना?” लेसर म्हणजे जखम नाही, दुखणे नाही, असा समज खेड्यापाड्यांतही रूढ झाला आहे. तो पूर्णपणे खरा नाही. हत्यार कोणतेही असो, ऊती कापल्या की जखम होतेच आणि ती भरून काढण्याचे काम शरीरालाच करावे लागते.

हे काम टप्प्याटप्प्याने चालते. प्रथम रक्त गोठते. मग पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. हा दाह म्हणजे रोग नव्हे, ती शरीराने केलेली साफसफाई होय. त्यानंतर कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणले जाऊन व्रण तयार होतो. मृत पेशी जितक्या अधिक, तितकी साफसफाई लांबते. हत्याराहत्यारांतील फरक येथेच दिसून येतो.

हत्यारांचे गुणदोष

धारदार पोलादी सुरीने कडेच्या पेशींची हानी अत्यल्प होते. मात्र रक्तस्राव अधिक होतो आणि जखमेत साचलेले रक्त जंतूंना पोषक ठरते.

विद्युत् सुरीचा मार्ग वेगळा आहे. विल्यम बोव्ही यांनी तयार केलेले यंत्र हार्वे कुशिंग या शल्यचिकित्सकांनी १९२६ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे प्रथम वापरले. उच्च कंप्रतेच्या विद्युत् प्रवाहाने पेशींतील पाण्याची वाफ होते, ऊती दुभंगतात आणि लहान रक्तवाहिन्या बंद होतात. रक्त वाचते, परंतु कडेला भाजलेल्या ऊतींचा थर उरतो.

कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये लागला. त्याचे जनक कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. हे किरण ऊतींतील पाण्यात शोषले जात असल्याने खोलवर जात नाहीत. तरीही हा छेद उष्णतेनेच होतो. त्यामुळे कातडीवरील असा छेद आरंभी सुरीच्या छेदापेक्षा सावकाश भरतो.

श्रवणातीत ध्वनीवर चालणाऱ्या हत्याराचे पाते सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा कंप पावते. विद्युत् सुरीपेक्षा त्याची उष्णता सामान्यतः कमी असते.

मग श्रेष्ठ कोणते? सरसकट उत्तर नाही. पोटावरील मोठ्या छेदांसंबंधीच्या चाचण्यांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. सुरी व विद्युत् सुरी यांच्यात जखम चिघळण्याच्या प्रमाणात स्पष्ट फरक त्यात आढळला नाही. शरीराचा भाग, रक्तस्रावाचा धोका आणि शल्यचिकित्सकाचा हात पाहूनच निवड करणे योग्य ठरते.

गावात घ्यावयाची काळजी

केवळ लेसरच्या नावासाठी कर्ज काढण्यापूर्वी “माझ्या आजारात त्याचा नेमका लाभ कोणता?” हे डॉक्टरांना विचारावे. पहिल्या काही दिवसांतील किंचित लाली व सूज स्वाभाविक असते. परंतु लाली पसरू लागली, पू आला किंवा ताप चढला, तर राख, हळद वा कोणताही लेप न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असे नव्हे. तीन आठवड्यांनंतरही तिची बळकटी मूळ कातडीच्या सुमारे एक-पंचमांशच असते. म्हणून जड ओझे उचलण्याची घाई करू नये. मधुमेह आणि तंबाखू यांमुळे जखम भरण्यास विलंब लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एवढी माहिती घरोघरी पोहोचविली, तर अनेकांचा वृथा खर्च टळेल आणि चिघळलेली जखम वेळीच डॉक्टरांच्या नजरेस येईल.